पडलं तर माझ्यावरच पडेल?
"जमीन माझी, पैसा माझा, पडलं तर माझ्याच डोक्यावर पडेल, मग घर बांधायला सरकारी परवानगी कशाला?" हा काहींचा मुद्दा रोखठोक वाटतो, पण घर मालकापेक्षा जास्त जगतं. उद्या ते विकत घेणाऱ्याला कॉलममधल्या (खांबातल्या) लोखंडी रिंगा किती अंतरावर बांधल्यात हे कसं दिसणार? एकदा काँक्रीट ओतलं की विषय संपला. तपासायचं ते त्याआधीच.

आणि आग काही कुंपण बघून थांबत नाही. १६६६ साली लंडनमध्ये एका बेकरीतून सुरू झालेल्या आगीत सुमारे १३,००० घरं गेली, बहुतेक लाकडी आणि एकमेकांना खेटून उभी. पुढच्याच वर्षी कायदा आला: बाहेरच्या भिंती विटांच्या नाहीतर दगडाच्या, त्याही ठरलेल्या जाडीच्या, आणि ते बघायला सर्व्हेयर, म्हणजे बांधकाम तपासणारे अधिकारी. त्याच्या खूप आधी बॅबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत वेगळाच मार्ग होता. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड. (मालकाला त्याचा उपयोग काय, ते विचारू नका.)

परवानगीची फाइल महिनोन्‌महिने अडकते ही तक्रार मात्र शंभर टक्के मान्य. त्यावर मुदत घाला. तेवढ्या दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं.