मदत हवी आहे: पैसे गेले पण तिकीट नाही, आणि एका क्यूआरवर दोघं आत

नमस्कार मंडळी. आमचा सांगलीतला हौशी नाट्यसंच. ५ नोव्हेंबरला, रंगभूमीदिनी, प्रयोग लावतोय. तिकीटविक्री आमच्याच वर्डप्रेस साइटवर: वूकॉमर्स (साइटवर दुकान चालवणारं प्लगइन, म्हणजे जोडायचा प्रोग्रॅम) आणि त्यावर तिकिटांचं प्लगइन. गेल्या प्रयोगाला हेच करून फजिती झाली, म्हणून यंदा आधीच विचारतोय.

लोकांचे पैसे जमा झाले, पण ऑर्डरी 'प्रोसेसिंग'वरच अडकल्या, तिकिटाची मेल जाईना. रात्री बारापर्यंत एकेक ऑर्डर हाताने 'कम्प्लीटेड' करत बसलो.

दुसरं जास्त बोचलं. दोन दारं, दोन फोन. रेंज नव्हती म्हणून स्कॅनचं ॲप ऑफलाइन ठेवलं. कुणीतरी तिकिटाचा स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर टाकलेला. दोघं दोन दारांनी आले, दोन्हीकडे हिरवी खूण! एफ-१२ वर दोन काका, दोघंही उठायला तयार नाहीत.

शिवाय थोडी कागदी तिकिटं दुकानात ठेवावीच लागतात. १८४३ पासून नाटक बघणारं गाव, पण हातात कागद आल्याशिवाय तिकीट काढल्यासारखं वाटत नाही.

प्रतिसाद:
पहिलं सोपं आहे. वूकॉमर्समध्ये वस्तू 'व्हर्च्युअल' (पार्सल न करायची) आणि 'डाउनलोडेबल' (उतरवून घ्यायची) अशी दोन्ही असेल, तरच पैसे आल्यावर ऑर्डर आपोआप 'कम्प्लीटेड' होते. तुम्ही बहुतेक फक्त व्हर्च्युअलवर टिक केलंय. प्लगइन कुठल्या स्टेटसला तिकीट पाठवतं तेही सेटिंगमध्ये बघा. आणि मेल एसएमटीपीने, म्हणजे साइटऐवजी मेलच्या सर्व्हरमार्फत पाठवा, नाहीतर स्पॅममध्ये जातील.

दारांसाठी प्लगइन बदलू नका, पैसे वाया जातील. ऑफलाइन असताना या फोनवर काय स्कॅन झालं ते त्या फोनला कळणारच नाही. त्यापेक्षा रांगा वाटून द्या. ए ते जे डावं दार, पुढच्या रांगा उजवं, आणि दार तिकिटावरच छापा. म्हणजे एक तिकीट एकाच फोनपुढे येईल, दुसऱ्यांदा आलं की ॲप अडवेल. ऑनलाइन विक्री बंद केल्यावरच फोनमध्ये यादी उतरवून घ्या.

कागदी तिकिटांना मागच्या दोन रांगा द्या आणि त्या साइटवर विकायलाच ठेवू नका. दारात फाडून आत सोडा.

धागाकर्ता:
डाउनलोडेबलची टिक खरंच राहिली होती. धन्यवाद! रांगांचंही पटलं. पण पार्किंग उजवीकडे आहे, सगळे तिकडूनच घुसणार हो.

प्रतिसाद:
मग उजव्या दारावरच्या पोराला सांगून ठेवा, डावीकडचं तिकीट आलं तर स्कॅन करायचंच नाही, पलीकडे पाठवायचं. सख्खे काका असले तरी.