‘ड्राय कास्क’ला पिंप म्हणावं की पेव?

अनुवादू:
मंडळी, एका लेखाचं भाषांतर करतोय आणि पहिल्याच परिच्छेदात गाडी रुतली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात विस्कॅसेट नावाचं गाव आहे. तिथला मेन यँकी अणुवीज प्रकल्प १९९६ नंतर चाललाच नाही आणि २००५ पर्यंत तो पाडून जागा मोकळी केली. मागे राहिले ६४ ‘ड्राय कास्क’ आणि त्यांच्यावर पहारा. साठांमध्ये अणुभट्टीतून काढलेलं इंधन, चारांमध्ये भट्टीच्या आतले किरणोत्सारी सुटे भाग.

वस्तू अशी आहे: आत एक पोलादी डबा. त्यात इंधनाच्या नळ्या, पाणी काढून सुकवलेल्या. मग हेलियम भरून झाकण वेल्ड केलेलं. या डब्याभोवती काँक्रीटची जाडजूड उभी भिंत आणि दोन्हींच्या मध्ये फट. खाली झरोके, वर झरोके. गार हवा खालून शिरते, डब्याला लागून तापते, वरून बाहेर पडते. पंखा नाही, पंप नाही.

मी ‘कोरड्या पिंपातील साठवण’ असं लिहून घरी वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “का, आज पाणी आलं नाही?”

झरोका:
वहिनींना दंडवत!

पण गंमत म्हणजे ‘पिंप’ हा शब्द कुळाने अगदी बरोबर आहे. पीप, पिंप हे पोर्तुगीज ‘पिपा’वरून आले आणि पिपा म्हणजे दारूचं लाकडी पीप. इंग्रजी कास्कही मुळात तेच. दोघेही दारूच्या गुत्त्यातून आलेले. फक्त एक अणुभट्टीत नोकरीला लागला आणि दुसरा आमच्या मोरीत येऊन बसला. शिवाय कच्च्या तेलाचा भाव ‘प्रति पिंप’ छापतातच.

माझा आक्षेप चित्राला आहे. ‘किरणोत्सारी पिंप’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो गळका, गंजका पिवळा ड्रम. इथे तर दीडशे टनांच्या आसपासचं धूड आहे आणि आत द्रव काही नाहीच. इंधन म्हणजे चिनी मातीसारख्या कडक गोळ्या, झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या. गळणार काय?

सांगलीकर:
मग ‘पेव’ घ्या की राव. आमच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल. वर्षानुवर्षं माल राहायचा. कॅलिफोर्नियात सान ओनोफ्रेच्या बंद अणुवीज प्रकल्पात, समुद्राकाठी, अशा इंधनाचे ७३ डबे असेच उभ्या खड्ड्यांत सोडलेत, वर झाकण. २०१८ च्या ऑगस्टमध्ये एक डबा खाली सोडताना आतल्या कंगोऱ्यावर अडकला होता, खाली १८ फूट पोकळी. बातमी वाचताना मला पेवच दिसलं.

झरोका:
सांगलीकर, शब्द गोड आहे, पण दोन अडचणी. पहिली तुम्हालाच ठाऊक असणार: पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, कारण आत हवा कोंडलेली असते. पेवाचा जीवच हवा बंद करण्यात आहे. कास्कचा जीव हवा खेळती ठेवण्यात आहे, सान ओनोफ्रेच्या खड्ड्यांतसुद्धा. झरोके बुजले की डबा तापायला लागतो. म्हणजे दिसायला पेव, वागायला धुराडं.

दुसरी अडचण: उद्या कुणी मथळा देईल, ‘अणुइंधनाच्या पेवांचे पेव फुटले’. जिल्हाधिकाऱ्यांना खुलासा करावा लागेल.

सांगलीकर:
😄 हरलो. पेव मागे घेतो.

बोईसर लोकल:
माझं बालपण तारापूर अणुवीज केंद्राच्या कॉलनीत गेलं, म्हणून दोन पैसे माझेही. भट्टीतून इंधन निघालं की आधी काही वर्षं पाण्यात ठेवतात. कास्कची पाळी नंतर, साधारण पाच वर्षं किंवा जास्तच. त्या पाण्याच्या जागेला सगळे ‘पूल’ म्हणतात. मराठीत तसं लिहू नका, वाचकाला खाडीवरचा पूल वाटेल. ‘हौद’ लिहा. इंधनाच्या डोक्यावर वीसेक फूट पाणी असलेला हौद.

आणि हौदाशेजारी ठेवला की ‘ड्राय’चा अर्थ आपोआप लागतो. ‘शुष्क’ नको, ‘सुकी’ तर मुळीच नको. सुकी म्हणजे आधी ओली असून वाळलेली: सुकी मासळी, सुकं खोबरं. शिवाय नगरपालिकेने ‘सुका कचरा’ डोक्यात इतका भरलाय की लोक निळा डबा शोधतील. ‘कोरडी’ म्हणजे पाण्यावाचून. ओली साठवण हौदात, कोरडी साठवण कास्कमध्ये. (कोरड्यास मात्र पातळ असतं, ते सोडा.)

अनुवादू:
हौद एकदम पटला! आता ‘स्पेंट फ्युएल’मधल्या ‘स्पेंट’चं सांगा, म्हणजे भट्टीतून काढलेल्या इंधनाचं. हिंदीत ‘भुक्तशेष’ दिसतं. मी आधी ‘जळके’ लिहिलं होतं.

बोईसर लोकल:
भुक्तशेष म्हणजे शब्दशः उष्टं. हिंदीवाल्यांना लखलाभ. ‘जळके’ने राख डोळ्यांपुढे येते, पण गोळीचं गोळीपण कायम असतं, ज्वाळा नाही की धूर नाही. ‘निकामी’ तर साफ चूक. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीतून निघालेल्या इंधनात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास युरेनियमच उरलेलं असतं, एखादा टक्का प्लुटोनियम, आणि तीन-चार टक्के विखंडनातून झालेली मूलद्रव्यं. खरी उष्णता आणि खरा उपद्रव या शेवटच्यांचा.

आपल्याकडे धोरण या इंधनावर प्रक्रिया करून उपयोगाचं काढून घ्यायचं, म्हणून त्याला सरसकट कचरा म्हणत नाहीत. अमेरिकेत तेच इंधन कायद्याने कचऱ्याच्या खात्यात. एकाचं चिपाड, दुसऱ्याच्या बॉयलरचं जळण. म्हणून सरळ ‘वापरलेलं इंधन’ लिहा, बाजू घेतल्यासारखं होत नाही.

झरोका:
सहमत. आणि कृपा करून ‘विल्हेवाट’ हा शब्द या लेखात येऊ देऊ नका. मराठी बातम्यांत हमखास येतो. विल्हेवाट म्हणजे वस्तू एकदाची मार्गी लावली. विस्कॅसेटचं दुखणंच हे आहे की ती लागली नाही. १९८२ च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे ३१ जानेवारी १९९८ पासून केंद्र सरकार हे इंधन उचलणार होतं. ते कायमचं पुरायला नेवाडातला युका डोंगर १९८७ मध्ये ठरलाही, पुढे बारगळला. तोवर ‘तात्पुरती साठवण’. आपल्याकडे तात्पुरत्या शेडची जी गत होते तीच.

अनुवादू:
लेखात पुढे जर्मनीतल्या ‘कास्टर’ वाहतुकीचा आणि हे कास्क जिथे नेऊन ठेवत त्या गोर्लेबेन गावातल्या आंदोलनांचा उल्लेख आहे. ‘कास्टर’ हे तिथल्या कास्कचं नाव, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बीव्हर प्राणी. यंत्राला ‘कॅस्टर ऑइल’ आठवलं आणि त्याने मला ‘एरंडेलाच्या वाहतुकीविरुद्ध हजारो रस्त्यावर’ असं भाषांतर दिलं. तेव्हापासून यंत्र बंद.

आता झालेलं वाक्य बघा: “वापरलेलं इंधन आधी हौदात निवतं. मग ते पोलादी डब्यात बंद करून काँक्रीटच्या झरोकेदार कोठीत उभं करतात. डबा आणि कोठी मिळून या जोडीला कास्क म्हणतात.” पुढे सगळीकडे कास्कच.

झरोका:
कोठी! छान. धान्याची आठवण राहिली आणि भीतीही नाही वाटली. फक्त ‘झरोकेदार’ खटकतं, ‘झरोके ठेवलेल्या’ करा.

सांगलीकर:
पण तो कास्क की ते कास्क? ६४ कास्क, की ६४ कास्कं?

अनुवादू:
मी ‘तो’ धरलाय, ट्रकसारखा. बायको ‘ते’ म्हणते, पिंपासारखं.