ठाणे खाडीच्या गाळात तांबं तिप्पट आलंय, पण सर म्हणतात प्रदूषण लिहू नकोस?

ऐरोलीकर: एमएस्सीचं प्रोजेक्ट चालू आहे, ठाणे खाडीतला गाळ. ओहोटीला खारफुटीच्या कडेचा काळा चिखल घेतला आणि एक सॅम्पल खाली वाशी पुलाच्या बाजूचं, त्यात वाळू बरीच. रिपोर्टमध्ये चिखलात तांबं शेलच्या (चिखल दाबून झालेला खडक, तुलनेला तोच घेतात) जागतिक सरासरीच्या (४५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४५ भाग) जवळपास तिप्पट, क्रोमियम पण जास्त, आणि वाळूवाल्यात सगळंच निम्म्यावर. सर म्हणतात एवढ्यावरून कारखान्यांकडे बोट दाखवू नकोस. अहो पण काठावर एवढी एमआयडीसी आहे, मग दुसरं कुठून येणार?

काळा_कातळ: सर बरोबर आहेत रे. आपल्याकडचा दगड कुठला ते आधी बघ, सगळा डेक्कन बसाल्ट, त्यात तांबं १००-२०० पीपीएम सहज असतं, तोच झिजून नद्या-नाल्यांतून खाडीत येतो. शेलची सरासरी लावली की कोकणातली निम्मी खाडी कागदावर प्रदूषित निघते, आणि असे पेपर ढिगाने आहेत, जाऊ दे. वाळूचं म्हणशील तर धातू चिकटतात बारीक कणांना आणि सेंद्रिय पदार्थाला, वाळूत असणारच कमी. म्हणून ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भाग तपास, नाहीतर सगळे आकडे ॲल्युमिनियमने भागून तुलना कर, म्हणजे वाळू-चिखलाचा फरक निघून जातो (लोखंड घेऊ नको, बसाल्टमध्ये मुळातच भरपूर आणि काळ्या चिखलात ते वरखाली सरकतं). बॅकग्राउंड, म्हणजे मूळची नैसर्गिक पातळी, हवी तर कोअर काढ (नळी उभी खुपसून गाळाचा अख्खा खांब), खालचे थर कारखान्यांच्या आधीचे. शिसं-२१० (किरणोत्सारी शिसं) वरून थरांचं वय काढता येतं, अर्धायुष्य २२ वर्षांच्या आसपास, म्हणजे शंभरेक वर्षं मागे जाता येतं.

आणि खरंच माणसाचा हात शोधायचा असेल तर तांब्याच्या मागे कशाला लागतोस, शिसं, कॅडमियम, पारा बघ. बसाल्टमध्ये हे फार कमी असतात, ते वाढले तर दगडावर ढकलता येत नाही. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, त्याची खूण कोअरमध्ये मिळाली तर चॅप्टरच होईल तुझा.

खाडीवरचा_पोर: तुमचं दगड-बिगड ठीक आहे दादा पण आम्ही निवट्या आणि कालवं खातो त्याचं काय? आई म्हणते नीट उकळलं की सगळं जातं. आणि एवढं विष आहे तर सरकार तो गाळ उपसून का टाकत नाही?

काळा_कातळ: उकळून जंतू मरतात भाऊ, धातू नाही जात. कालवं पाणी गाळून खातात, जस्त-तांबं अंगात साठवण्यात एक नंबर. निवट्या तर चिखलातच बीळ करून राहतो. पण गाळात किती आहे यावरून माशात किती ते कळत नाही, मासा वेगळा तपासावा लागतो, खावं की नाही ते त्यावर ठरतं.

जुना_एनव्हायरो: उपसण्याबद्दल मी सांगतो. त्या काळ्या, कुजक्या अंड्यासारखा वास मारणाऱ्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथे बरेच धातू गंधकाशी जोडून सल्फाइड होऊन अडकून बसलेले असतात. ढवळलं की ऑक्सिजन लागतो आणि त्यातले काही सुटून पाण्यात येतात. पाऱ्याचं अजून वाईट, तसल्याच चिखलातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा (पाऱ्याचं जास्त विषारी रूप) करतात आणि तो माशांमार्गे वर चढत जातो. जपानात मिनामाताला कारखान्याने १९३२ ते १९६८ पारा सोडला, मग २५ पीपीएमच्या वरचा गाळ काढायला आणि भराव टाकून गाडायला १९७७ ते १९९० लागली, ५८ हेक्टर जमीन झाली त्याची. उपसा सुरू व्हायच्या आधीच मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ ला निघाली. तेही एवढ्याशा उपसागरात, आपल्या खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी सगळं हलवते.

ऐरोलीकर: ओके, मग पारा आणि शिसं घेतो. सॅम्पल परत आणावं लागेल का?

जुना_एनव्हायरो: पाऱ्यासाठी आणच. ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवलेल्यातून काही पारा उडालेला असतो, ४० च्या खाली वाळव किंवा फ्रीझ ड्राय (गोठवून कोरडं) कर. आणि स्टीलच्या चमच्याने उचलू नकोस, क्रोमियम-निकेल त्यातूनच येईल, प्लास्टिकचा घे.