कॉलेजात सिनेमा लावला की लगेच चोर?

खानापूरवाली: काल इथं एका सरांनी लिहिलं, 'निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय कॉलेजात सिनेमा लावला तर प्राचार्यांना आत टाका.' डोकंच फिरलं! बारा वर्षं खेड्यातल्या कॉलेजात मराठी शिकवतेय. आमच्या पोरांनी सिनेमा बघायचा तर बेळगाव गाठायचं, शेवटची बस चुकली की स्टँडवर झोपायचं. सर, कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(जे) काढा. संस्थेच्या उपक्रमात सिनेमा दाखवला आणि बघणारे फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असतील, तर तो भंगच नाही.

टिळकवाडीकर: तो सर मीच. 'फक्त' हा शब्द तुम्हीच लिहिलात, मॅडम. मी शिकवायचो तिथं (नाव घेत नाही) गेटवर फलक, वीस रुपयांचा पास, डेअरीच्या चेअरमनसकट अख्खी गल्ली आत. बसतंय का तुमच्या ५२(१)(जे) मध्ये? वर सिनेमा टेलिग्रामवरनं उतरवलेला! दाखवायची मुभा म्हणजे चोरीची प्रत पावन होत नाही.

निपाणी_एक्स्प्रेस: आमच्याकडे ओटीटीवर लावला, मेव्हण्याच्या पासवर्डनं. पैसे भरलेत की!

टिळकवाडीकर: मेव्हण्यानं भरलेत, घरी बघायला. कलम ५२ असलं तरी ओटीटीशी केलेला करार सुटत नाही.

कॅम्पातला: एवढं कशाला भांडताय? मुदत संपलेले दाखवा. सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. 'श्यामची आई' १९५३ चा, म्हणजे सिनेमाचा हक्क २०१३ अखेर संपला. फक्त २०२३ चा नवा 'श्यामची आई' लावू नका, एका कॉलेजात तसला घोळ झालाय.

शहापूर_गल्ली: पण मराठीच का? माझ्या पोराच्या वर्गात निम्मी पोरं कन्नड. ती काय पंखे मोजत बसणार?

निपाणी_एक्स्प्रेस: आला! कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं, आता पडद्यावर पण ६० टक्के लावा. अर्धी श्यामची आई, अर्धी अव्वा (कन्नडमधली आई).

शहापूर_गल्ली: चेष्टा पुरे. आमची आजी घरात कन्नड बोलायची, बाजारात मराठी. तिला कुणी टक्के विचारले नाहीत. तुमच्यासारखे मोबाइलवरचे सीमावीर तेव्हा नव्हते म्हणून.

निपाणी_एक्स्प्रेस: सीमावीर? माझ्या बापानं मोर्चात लाठ्या खाल्ल्यात. सातबारा मराठीत मिळावा म्हणून अर्ज केला तर कारकुनानं तोंडावर फेकला. तुमची आजी होती का तिथं?

शहापूर_गल्ली: आजीला मध्ये आणायचं नाही हं!

खानापूरवाली: आजीला तुम्हीच आणलंत. सातबारा, मोर्चा, अव्वा... सिनेमा कुठं गेला? पण निम्म्या पोरांचं खरं आहे, आमच्याकडेही तेच. जुना सिनेमा मुदतीबाहेर आहे तर कन्नड सबटायटल आमची पोरंच करतील. संवाद-गाण्यांचा हक्क वेगळा असतो, तेवढं आधी विचारून घेऊ.

शहापूर_गल्ली: हे आधी सुचलं असतं तर माझा बीपी वाढला नसता. भाषांतर तपासून देतो. फुकट.

टिळकवाडीकर: बरं, कलम तुमचं बरोबर. 'आत टाका' जरा जास्त झालं. पण पास नको आणि दारात ओळखपत्र बघा.

खानापूरवाली: चेअरमनना अडवायला तुम्हीच उभे राहा. शनिवारी या.

टिळकवाडीकर: मी कुठल्या नात्यानं? तुमच्या संस्थेत माझं कोण आहे?

खानापूरवाली: मुलगी आमच्याकडे बीएला आहे ना? पालक म्हणून या की.

टिळकवाडीकर: हे तुम्हाला कुणी सांगितलं?

खानापूरवाली: तिनंच. सबटायटलच्या यादीत पहिलं नाव तिचं आहे.