इन्फ्लेमेबल : पेटणारं की न पेटणारं?

तर्जुमा: भोसरीतल्या एका गोदामासाठी सूचनाफलक मराठीत करतोय. इंग्रजी कागदावर थिनरपुढे 'इन्फ्लेमेबल' आहे, टर्पेंटाइनपुढे 'फ्लेमेबल'. तिथले सुपरवायझर ठाम आहेत : इनकरेक्ट म्हणजे करेक्ट नाही, तसंच हे. म्हणजे थिनर पेटत नाही! दोन्हींना एकच शब्द चालेल का? ज्वलनशील की ज्वालाग्राही? फलक पेंटरकडे जायचाय.

शब्दवेडी: आधी त्या सुपरवायझरांना थांबवा. हा 'इन' नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये 'इन्फ्लमारे' म्हणजे पेटवणे, त्यावरून इंग्रजीत 'इन्फ्लेम' आणि पुढे 'इन्फ्लेमेबल'. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. लोकांची अशीच गफलत होते म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल'.

लोणीवाला: अर्थ एक असेल, माल एक नाही. आम्ही लोणी काळभोरच्या डेपोतून टँकर भरतो. पेट्रोलियम कायद्यात 'अ' वर्ग म्हणजे फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते ते) २३ अंश सेल्सिअसच्या खाली, त्यात पेट्रोल. 'ब' वर्ग २३ ते ६५, त्यात डिझेल, रॉकेल. पेट्रोलची वाफ साध्या हवेत ठिणगीची वाटच बघत असते. थिनर बहुतेक त्याच रांगेतला, टर्पेंटाइन तीसच्या वरचं. तेव्हा एकाला 'अति' लावा, दुसऱ्याला लावू नका.

निवृत्त बाई: ज्वलनशील अजिबात नको. शील म्हणजे स्वभाव. लाकूडही ज्वलनशील आहे, पण काडी लावली म्हणून ओंडका भडकत नाही. ज्वालाग्राही म्हणजे ज्वाळा दिसताच झडप घालणारं. इतका नेमका शब्द हाताशी असताना दुसरा कशाला?

शॉपफ्लोअर: बाई, शब्द सुंदर आहे, पण वाचणार कोण? आमच्या पाळीत निम्मी पोरं बिहार-ओडिशाची, उरलेली नांदेड-लातूरची. एकाच्याही तोंडी मी 'ज्वालाग्राही' ऐकलेला नाही. 'लगेच पेट घेतं, विडी-काडी लांब ठेवा' असं लिहा. जीव वाचवायचाय, शब्द नाही.

निवृत्त बाई: लिहिलाच नाही तर तोंडी येणार कसा? पन्नास वर्षांपूर्वीही टँकरवर 'ज्वालाग्राही' असायचं आणि आम्ही पोरं तो वाचूनच शिकलो.

कोथरूडकर: उपसर्ग लागूनही अर्थ न उलटण्याची गंमत आपल्याकडेही आहे. घोर म्हणजे भयंकर, मग अघोर म्हणजे सौम्य हवं. पण 'अघोरी उपाय' म्हटलं की अंगावर काटा येतो.

शब्दवेडी: काका, उदाहरण जुळत नाही. अघोर म्हणजे सौम्य हेच बरोबर. शिवाच्या पाच मुखांपैकी एकाचं ते नाव. त्यावरून पंथ, पंथाच्या स्मशानसाधनेवरून 'अघोरी'. इथे उपसर्ग नकाराचाच आहे, बदलली ती शब्दाची संगत. इन्फ्लेमेबलमध्ये 'इन' मुळातच वेगळा.

कोथरूडकर: ऐकणाऱ्याला संगत कुठे दिसते, ताई? त्याला 'अ' दिसतो आणि अर्थ भयंकर लागतो. सुपरवायझरची अडचण नेमकी हीच.

दवाखाना: इन्फ्लमेशन त्याच मुळातला. त्याला आम्ही पेशंटला सरसकट 'सूज' सांगतो आणि ते मला नेहमी खटकतं. सूज हे एक लक्षण झालं. लाली, उष्णता, वेदना ही उरलेली. 'दाह' म्हटलं की आगीचं नातंही टिकतं.

शॉपफ्लोअर: दाह म्हणजे जळजळ. गुडघा सुजलेल्या आजींना दाह सांगितलात तर त्या थंड दूध पितील.

दवाखाना: मग आतड्याला आलेलं इन्फ्लमेशन सूज म्हणून कसं समजावू? बाहेरून काहीच सुजलेलं दिसत नाही.

निवृत्त बाई: दाहच. यकृतदाह हा शब्द पूर्वीपासून आहे.

तर्जुमा: पेंटर उद्या सकाळी येतोय. 'अतिज्वालाग्राही' मोठ्या अक्षरात आणि खाली 'लगेच पेट घेतं', असं लिहायला सांगू का?

कोथरूडकर: 'अति' जोडून लिहायचं की सुटं, ते आधी ठरवा.