अस्थिरोपण की अस्थिर रोपण?

अनुस्वार
रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकातलं एक वाक्य अडलंय. मूळच्या हाडात आणि ग्राफ्ट केलेल्या (म्हणजे कमी पडलं म्हणून भर घातलेल्या) हाडात बसवलेल्या डेंटल इम्प्लांटची, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी बसवतात त्या टायटेनियमच्या स्क्रूची, 'स्टॅबिलिटी' सारखीच असते का, असा त्याचा आशय. आधीच्या मसुद्यात 'अस्थिरोपित अस्थीतील दंतरोपणाची स्थिरता' असं आहे. डोळा आधी 'अस्थिर' वाचतो, मग 'स्थिरता', आणि वाचणाऱ्याला दात हलतोय असंच वाटतं. स्टॅबिलिटीला स्थिरता, स्थैर्य, दृढता की घट्टपणा? आणि ग्राफ्टला काय म्हणावं?

आटेपाडू
घट्टपणा, पण पहिल्या दिवसापुरताच. स्क्रू हाडात आवळला की आटे हाडात रुततात, ती निव्वळ यांत्रिक पकड. पुढच्या आठवड्यांत दाबलं गेलेलं जुनं हाड शरीर काढून टाकतं आणि नवं हाड टायटेनियमला येऊन भिडतं. पहिली पकड उतरत असते, दुसरी चढत असते, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही मिळूनही बेरीज सर्वांत कमी भरते. दोन्हींना 'स्थिरता' म्हटलं तर हा खड्डा वाचणाऱ्याला दिसतच नाही. पहिलीला 'पकड' म्हणा, दुसरीला 'रुजणं'.

शुद्धमती
प्राथमिक स्थैर्य आणि दुय्यम स्थैर्य. इतकं सोपं असताना पकड आणि रुजणं कशाला? रुजतं ते बी. टायटेनियमला मुळं फुटत नाहीत, हाड त्याच्याकडे येतं.

तिरकी रेघ
'दुय्यम' म्हणजे मराठीत कमी महत्त्वाचं. दुय्यम अधिकारी, दुय्यम प्रश्न. इथे तर पुढची सगळी वर्षं चावण्याचा भार त्या दुसऱ्या स्थैर्यावरच असतो! 'नंतरचं स्थैर्य' म्हणा हवं तर.

खुंट आणि काडी
ग्राफ्टला आपल्याकडे 'कलम' आहेच, अस्थिरोपणाच्या वाटेला जायचंच कशाला. कलमी झाड, कलमी हाड. आणि नेटिव्ह बोनला, म्हणजे मूळच्या हाडाला, गावठी हाड. 😄

शुद्धमती
कलमात काडी जिवंत असते आणि तीच वाढते, खुंट तिला मुळं पुरवतो. हाडाच्या बाबतीत बरोबर उलट. ग्राफ्ट म्हणून भरतात ते गायीच्या हाडापासून केलेले दाणे निर्जीव असतात. ते वाढत नाहीत, जागचं हाड त्यांच्यामधून वाढतं. 'भरण' म्हणा.

खुंट आणि काडी
हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या भागातून काढलेला रुग्णाचाच तुकडा दोन बारीक स्क्रूंनी बसवतात, त्याला पण भरण? तो भरलेला नाही, जोडलेला आहे. त्यात पेशीही असतात.

आटेपाडू
'जागचं हाड' हा शब्द मात्र उचलण्यासारखा. 'नैसर्गिक हाड' चालणार नाही, गायीचं हाडही नैसर्गिकच. 'स्वतःचं हाड'ही नको, हनुवटीतला तुकडा स्वतःचाच असतो.

पण खरी अडचण ग्राफ्टच्या प्रतिशब्दात नाही. मूळ वाक्यातलं 'ग्राफ्ट केलेलं हाड' दोन वेगळ्या गोष्टींना लागू पडतं. एक, आज भरलेले दाणे. दोन, सहा महिन्यांनी त्या जागी तयार झालेलं हाड. वरच्या दाढेच्या जागी सायनसखाली (गालामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळीखाली) जागचं हाड ४-५ मिमी उरलं असेल, तर सायनसचा पडदा उचलून दाणे भरतात आणि कधी त्याच बैठकीत स्क्रूही बसवतात. त्या दिवशी स्क्रू धरून ठेवतं ते फक्त खालचं ४-५ मिमी. वरच्या दाण्यांची पकड जवळजवळ शून्य, ओल्या वाळूत खिळा ठोकल्यासारखी. जागचं हाड त्याहून कमी असेल तर आधी भरतात, साधारण सहा ते नऊ महिने थांबतात आणि मग स्क्रू. तेव्हा भोक पाडताना ड्रिलला हाडासारखाच विरोध जाणवतो, आणि पहिल्या दिवसाचे आकडेही बऱ्याचदा जागच्या हाडाच्या जवळ येतात. 'सारखीच असते का' याचं उत्तर या फरकाशिवाय देताच येणार नाही.

तिरकी रेघ
मग पहिल्याला 'भरलेली जागा' आणि दुसऱ्याला 'भरून आलेलं हाड'. जखम भरून येते तसं. भरणे आणि भरून येणे हा फरक मराठीत आयताच आहे.

शुद्धमती
'भरून आलेलं हाड' हे बोलीतलं झालं. छापील मजकुरात शोभत नाही.

अनुस्वार
शोभण्यापेक्षा कळण्याशी मतलब आहे. आणखी एक अडलंय: आयएसक्यू, म्हणजे 'इम्प्लांट स्टॅबिलिटी कोशंट', इम्प्लांट किती पक्का बसलाय ते सांगणारा आकडा. आयक्यू जर बुद्ध्यांक, तर हा स्थैर्यांक?

शुद्धमती
उत्तम शब्द.

आटेपाडू
शब्द उत्तम, पण बुद्ध्यांक मुळात खरोखर भागाकार होता, मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय. इथे भागाकार नाही. इम्प्लांटवर एक छोटी चुंबकी खुंटी नुसत्या बोटांनी आवळतात, यंत्राचं टोक स्पर्श न करता जवळ धरतात, खुंटी कंप पावते, आणि त्या कंपनाची वारंवारता १ ते १०० या पट्टीवर बसवलेली असते. ७० च्या वर भक्कम, ६० च्या खाली सबुरी. गाल-जीभ या दिशेनं एकदा आणि दातांच्या ओळीच्या दिशेनं एकदा, असं दोनदा मोजायचं. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर एखाद्या बाजूला हाड पातळ असण्याची शक्यता. खुंटी त्या इम्प्लांटला जुळणारी नसेल किंवा आट्यात रक्त सुकलेलं असेल तर आकडा खोटा येतो. इम्प्लांटची मान हाडाच्या वर जास्त उघडी असेल तरी तो घसरतो, आत पकड चांगली असली तरी.

खुंट आणि काडी
आणि तो टॉर्क नव्हे. माहितीपत्रकांत हे दोन्ही 'मजबुती' म्हणून एकत्र कोंबतात. टॉर्क म्हणजे आवळताना लागलेला पीळ, न्यूटन-सेंटीमीटरमध्ये. लगेच दात चढवायचा असेल तर निदान ३५ असावा असा साधारण संकेत आहे. आयएसक्यू सांगतो तो आडव्या बळाला होणारा विरोध. स्क्रू फिरायला कठीण असूनही आडवा लवू शकतो. म्हणून एकाला 'आवळ', दुसऱ्याला 'ताठपणा'.

तिरकी रेघ
ताठपणा! माणूस ताठ असतो, दात नाही.

आटेपाडू
जास्त आवळ म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हाड घट्ट असतं, तिथे आधी आटे पाडून घेतले नाहीत तर मानेजवळचं हाड दाबानं मरतं. वरच्या मागच्या भागातल्या जाळीदार हाडात उलट, शेवटचं ड्रिल वगळून भोक मुद्दाम अरुंद ठेवतात. भरून आलेल्या हाडात गायीचे दाणे वर्षानुवर्षं न जिरता राहतात. त्यामुळे स्क्रूला पहिल्या दिवशी आधार मिळतो, पण तेवढ्या पृष्ठाला जिवंत हाड भिडत नाही. पकड सारखी असूनही रुजायला वेळ जास्त लागू शकतो, तो यामुळे.

शुद्धमती
'जिरणे' अन्नासाठी. 'शोषण' म्हणा.

खुंट आणि काडी
शोषण मजुरांचं होतं. हाड जिरतंच.

तिरकी रेघ
जिरवणारेही बरेच भेटतात. 😄

अनुस्वार
तूर्त असं लिहिलंय: 'भरून आलेल्या हाडात पहिल्या दिवशीची पकड जागच्या हाडाइतकी मिळू शकते, रुजायला मात्र जास्त काळ द्यावा लागतो.' आता तिसऱ्या आठवड्यातल्या त्या खड्ड्याला काय म्हणू? 'सैल पडणं' लिहिलं तर लोक जिभेनं हलवून बघतील. आणि हलवायचंच तर नाहीये: सूक्ष्म हालचाल सुमारे १५० मायक्रॉनच्या पुढे गेली की हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते.

शुद्धमती
'स्थैर्यघट'.

खुंट आणि काडी
घट बसतात. 'उतार' लिहा.

तिरकी रेघ
उतार ज्वराला पडतो, आणि ती चांगली बातमी असते.