मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यात साखरेचं इन्व्हर्जन मंदावतंय

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईहून लिहितेय, बीएस्सीचा प्रोजेक्ट आहे. किराणा दुकानातली साखर आणि लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घेऊन ७० अंश सेल्सिअसला इन्व्हर्ट सिरप करतेय. सुक्रोज (साखर) फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, तेच इन्व्हर्जन; पाणी भरपूर असल्यानं वेग फर्स्ट ऑर्डर (उरलेल्या सुक्रोजच्या प्रमाणात) धरायचा. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मीनं १८५० मध्ये हेच पोलॅरिमीटरवर (द्रावण ध्रुवित प्रकाश किती वळवतं ते मोजणारं यंत्र) मोजलं होतं. आमचा पोलॅरिमीटर बंद पडलाय, म्हणून फेहलिंगचं टायट्रेशन (तांब्याच्या निळ्या द्रावणानं तयार झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज मोजणं): उकळत्या द्रावणात मिथिलीन ब्लूचा निळा रंग जाऊन खाली विटकरी साका दिसला की रीडिंग.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये उरलेल्या साखरेच्या लॉगचा ग्राफ छान सरळ येतो. बोअरचं पाणी घेतलं की उतार बराच कमी. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे बादलीवर पांढरा थर! त्यातलं बायकार्बोनेट आम्ल खातं, सायट्रेट होऊन बफर (पीएच फारसा हलू न देणारं मिश्रण) बनतो, म्हणून वेग पडतो असा माझा अंदाज. पण सर म्हणतात, कॅल्शियममुळे फेहलिंगचं रीडिंगच चुकत असेल.

दोन्ही वेगळं कसं काढू? जास्त आम्ल घालून पीएच डिस्टिल्डइतका आणला तर तुलना ग्राह्य धरतील का? आणि पीएच गार झाल्यावर मोजायचा की गरम असतानाच? टायट्रेशनआधी ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) कुणी घातलंय का, किती घालता?

नमुना लगेच बर्फात ठेवून सोड्यानं न्यूट्रल करते, त्यामुळे अभिक्रिया थांबवण्याचा सल्ला नको. गुळावरही करायचंय, पण त्यात आधीच इन्व्हर्ट साखर असते, ते नंतर बघू.